तार सगळ्यांची, स्विच एकाचा

१५ नोव्हेंबर २०२४. नेपाळ, भारत आणि बांगलादेश या तीन देशांच्या ऊर्जा खात्यांचे कारभारी पडद्यावर आले, उद्घाटन झालं, टाळ्या पडल्या. नेपाळची वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशात पोहोचली. दक्षिण आशियात असं पहिल्यांदाच घडलं. ऐतिहासिक क्षण!

आता करार काढून वाचा. त्यावर ३ ऑक्टोबरला सह्या झाल्या होत्या. दरवर्षी १५ जून ते १५ नोव्हेंबर वीज द्यायची, असं त्यात लिहिलं आहे.

म्हणजे ज्या दिवशी उद्घाटन, त्याच दिवशी हंगाम समाप्त.

वीज एक दिवस वाहिली. मग थेट पुढच्या जूनची वाट. आपल्याकडे पुलाचं उद्घाटन होतं आणि जोडरस्ता मागाहून येतो, त्यामुळे आपण हसू नये हे बरं.

आणि वीज किती, तर ४० मेगावॉट. आपल्या कोयनेची क्षमता १९६० मेगावॉट आहे. कोयनेच्या जेमतेम पन्नासाव्या भागासाठी तीन सरकारं, तीन वीज कंपन्या आणि बैठकांच्या फेऱ्या. दिल्लीचा होकार २०२३ सालचा, सह्या २०२४ सालच्या. मधल्या काळात ढाक्यातलं सरकार पडलं, पंतप्रधान देश सोडून गेल्या. मेगावॉटमागे किती चहा झाला असेल, याचा हिशेब कुणी ठेवला नसावा.

दर मात्र चोख ठरला. युनिटला ६.४ अमेरिकी सेंट. विकणारा नेपाळी, घेणारा बांगलादेशी, तार भारतीय.

चलन वॉशिंग्टनचं. याला म्हणतात प्रादेशिक सहकार्य.

नकाशा बघा. नेपाळ आणि बांगलादेश यांच्यामध्ये आहे ती सिलिगुडीची चिंचोळी पट्टी. जिथे ती सर्वांत अरुंद आहे, तिथे रुंदी बावीस किलोमीटरच्या आसपास. पण वीज तिथून जात नाही. ती नेपाळमधल्या ढल्केबरहून निघते, बिहारमध्ये मुझफ्फरपूरला येते, भारतीय ग्रिडमध्ये मिसळते, बंगालमध्ये बहरमपूर गाठते आणि तिथून सीमेपलीकडे भेरामाराला उतरते. बावीस किलोमीटरच्या शेजाऱ्याकडे जायला दोन राज्यांची परिक्रमा.

बरं, भेरामाराच्या वाहिनीची क्षमता १००० मेगावॉट. त्यातला पहिला निम्मा भाग २०१३ साली आला, दुसरा २०१८ साली. दोन्ही आधीच्या करारांनी भरलेले. नेपाळला त्यात जागा मिळाली ती ४० मेगावॉटची. चौथी सीट.

वास्तविक या व्यवहाराचं वेळापत्रक निसर्गानेच लावून दिलं आहे. पावसाळ्यात नेपाळच्या नद्या फुगतात, वीज उतू जाते आणि खपली नाही तर पाणी तसंच सोडून द्यावं लागतं. त्याच महिन्यांत बांगलादेश उकाड्याने हैराण असतो. हिवाळ्यात सगळं उलट. नेपाळच्या नद्या रोडावतात, साठवणुकीचं म्हणावं असं मोठं धरण कुलेखानी वगळता नाही, आणि तिकडे ढाक्यात पंखे बंद झाल्याने वीजकेंद्रं रिकामी बसतात. देणं-घेणं इतकं जमलेलं स्थळ शोधून सापडायचं नाही.

पण निसर्गाने दिल्लीतून ना हरकत प्रमाणपत्र घेतलेलं नव्हतं.

तार काय करू शकते, हे पाहायचं असेल तर काठमांडूला विचारा. एके काळी तिथे हिवाळ्यात दिवसाला सोळा-सोळा, अठरा-अठरा तास भारनियमन होतं. ग्रामीण महाराष्ट्राने बारा तासांचं भोगलं आहे, त्याला अधिक सांगायला नको. कुठल्या भागात वीज कधी येणार, हे सांगणारी मोबाइल ॲप लोक बाळगत. सप्टेंबर २०१६ मध्ये कुलमान घिसिंग नेपाळ विद्युत प्राधिकरणाचे प्रमुख झाले. त्या वर्षीच्या दिवाळीत काठमांडूत दिवे गेले नाहीत.

चमत्कार? छे. थोडी वीज ढल्केबर-मुझफ्फरपूर वाहिनीवरून भारतातून आणली. आणि कारखान्यांना अखंड वीज मिळत होती, तिला हात घातला. भारनियमन विजेच्या तुटवड्यामुळे होतं अशी जनतेची समजूत होती. काही अंशी ते वाटपामुळे होतं, हे घिसिंग यांनी दाखवून दिलं.

मार्च २०२५ मध्ये सरकारने त्यांना पदावरून काढलं. दिवे लावणाऱ्याला घरी बसवण्याची ही पद्धत आपल्याला नवी नाही.

त्या मुझफ्फरपूरच्या तारेची जन्मकथाही ऐकण्यासारखी. ती सुरू झाली फेब्रुवारी २०१६ मध्ये. त्याआधीचे चार-पाच महिने नेपाळच्या सीमेवर पेट्रोल, डिझेल, गॅसच्या गाड्या अडकून पडल्या होत्या. दिल्ली म्हणाली, आम्ही काही अडवलं नाही. काठमांडू म्हणालं, मग गाड्या का येत नाहीत? चूल पेटेना म्हणून लोकांनी इंडक्शन शेगड्या घेतल्या. फेब्रुवारीत कोंडी सुटली आणि त्याच महिन्यात दिल्लीत दोन्ही पंतप्रधानांनी विजेच्या तारेचं उद्घाटन केलं.

एका हाताने सिलिंडर अडवला, दुसऱ्या हाताने वायर दिली. शेगडी खपवण्याचा यापेक्षा पक्का मार्ग नाही.

मग नेपाळ सावध झाला तर दोष कुणाचा? सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह सेक्रेटरीच्या खिशात असला, तर सेक्रेटरी कितीही सज्जन असो, बाकीचे सभासद त्याच्या मुलाच्या लग्नात जरा जास्तच आहेर करतात. दक्षिण आशियाच्या ग्रिडचा नकाशा असाच आहे. नेपाळ, भूतान, बांगलादेश यांच्या तारा एकमेकांना कुठेच भेटत नाहीत. भेटतात त्या फक्त भारतात.

तार सगळ्यांची आहे हो. स्विच तेवढा एकाचा आहे.

या स्विचलाही नियमावली आहे. सीमापार विजेची मार्गदर्शक तत्त्वं २०१६ साली आली. ती इतकी कडक होती की शेजारी ओरडले, म्हणून २०१८ साली सौम्य केली. मग २०१९ साली विनियम आले आणि २०२१ साली कार्यपद्धती. त्या कार्यपद्धतीतली मेख अशी, की भारताला लागून असलेल्या ज्या देशाशी आपला वीज सहकार्याचा करार नाही, त्याचा पैसा ज्या केंद्रात असेल तिथली वीज आपण घेणार नाही. देशाचं नाव लिहिलेलं नाही. लिहायची गरजही नाही.

व्यवहारात गाडी आणखी पुढे गेली. पैसा सोडा, चिनी ठेकेदाराने बोगदा खणला असला तरी ती वीज अडते. अप्पर तामाकोशी हा नेपाळचा ४५६ मेगावॉटचा सर्वांत मोठा प्रकल्प. बांधकाम चिनी कंपनीचं. त्याची वीज सीमेपाशी येऊन थांबते.

तारेत शिरलेली वीज कुठल्या नदीची, कुणाच्या टर्बाइनची, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आपल्या वीज प्राधिकरणाला येतं.

सुरक्षेची काळजी खोटी नाही. सीमेवर चीन काय करतो, ते आपण पाहिलं आहे. नेपाळमधली वीजकेंद्रं बीजिंगने बांधायची आणि गिऱ्हाईक आपण व्हायचं, हा धंदा कुणीही नाकारेल. पण आपल्याकडच्या सौर प्रकल्पांत वर्षानुवर्षं बसवलेले सेल कुठून आले, हेही एकदा विचारून घ्या. चिनी ठेकेदाराने अडवलेल्या हिमालयाच्या पाण्याची वीज परकी. चिनी सेलवर पडलेलं राजस्थानचं ऊन मात्र अस्सल स्वदेशी.

आता दुसरी बाजू. शेजारी काही गरीब गाय नाहीत.

नेपाळात नदीबद्दल भारताशी कुठलाही करार करा, विरोधी पक्ष लगेच देश विकल्याची बोंब ठोकतो. सत्तेत आला की तोच पक्ष पुढचा करार करतो. मनोऱ्यांच्या जागेचा मोबदला आणि जंगलाच्या परवानग्या यांत त्यांच्याच वाहिन्या वर्षानुवर्षं लटकतात. अरुण-३ घ्या. ९०० मेगावॉटचा प्रकल्प. १९९५ साली जागतिक बँकेने त्यातून अंग काढून घेतलं. २००८ साली भारताच्या सतलज जलविद्युत निगमने तो हाती घेतला. २०१८ साली कोनशिला बसली. कोनशिलेपर्यंत यायलाच दहा वर्षं.

या हिशेबाने अरुण-३ जलदगतीच म्हणायचा. कारण पलीकडे पंचेश्वर बसला आहे.

भारत-नेपाळचा महाकाली करार फेब्रुवारी १९९६ मध्ये झाला. पंचेश्वर धरणाचा सविस्तर प्रकल्प अहवाल सहा महिन्यांत पक्का करायचा ठरलं. पाच हजार मेगावॉटची स्वप्नं रंगली. त्या वेळी जन्मलेल्या मुलांची लग्नं होऊन त्यांची मुलं शाळेत जाऊ लागली.

ते सहा महिने अजून चालू आहेत.

म्हणून जानेवारी २०२४ मध्ये भारताने नेपाळकडून दहा वर्षांत दहा हजार मेगावॉट घेण्याचा करार झाला तेव्हा जाणकारांनी टाळ्या जरा जपून वाजवल्या. त्या वेळी नेपाळची एकूण स्थापित क्षमताच तीन हजार मेगावॉटच्या आसपास होती. एवढी वीज कुठल्या तारेवरून यायची, हा प्रश्न तर पुढचा. बुटवल-गोरखपूर वाहिनीचं काम अजून सुरूच आहे. मग दहा वर्षांत दहा हजार का?

लक्षात ठेवायला सोपं पडतं.

बांगलादेशकडे वळू. झारखंडमध्ये गोड्डा इथे अदानींचा १६०० मेगावॉटचा प्रकल्प आहे. कोळसा ऑस्ट्रेलियातून जहाजाने ओडिशाच्या धामरा बंदरात येतो, तिथून रेल्वेने झारखंडला. ज्या झारखंडच्या पोटातून निम्म्या देशाला कोळसा जातो, त्या झारखंडला! तिथे जळतो आणि वीज स्वतंत्र वाहिनीने बांगलादेशात जाते. धूर आपला, वीज त्यांची, बिल डॉलरचं.

करार पंचवीस वर्षांचा. वीज घ्या किंवा घेऊ नका, क्षमतेचे पैसे मोजा. मराठी वाचकाला काही आठवलं? बरोबर. दाभोळ. एन्रॉननेही राज्य वीज मंडळाला असाच कागद दिला होता. अरबी समुद्रात बुडवण्याच्या घोषणा झाल्या, सरकार बदललं, फेरवाटाघाटी झाल्या, प्रकल्प आणखी मोठा होऊन परत आला. २००१ साली मंडळाने वीज घेणं थांबवलं आणि त्याच वर्षअखेरीस खुद्द एन्रॉनने दिवाळं काढलं. तो अनुभव बांगलादेशने आपल्याकडून फुकट घ्यायचा, तर त्याने वीजच विकत घेतली.

थकबाकी साचली. २०२४ च्या अखेरीस गोड्ड्याने पुरवठा निम्म्यावर आणला. व्यापारी आपले पैसे मागणार, त्यात गैर काही नाही. पण एक तारीखवार गंमत बघा. ५ ऑगस्ट २०२४ रोजी ढाक्यातलं सरकार कोसळलं. १२ ऑगस्टला दिल्लीने नियम बदलला. निव्वळ निर्यातीसाठी उभारलेल्या केंद्राची वीज गरज पडल्यास भारतातही विकता येईल.

सात दिवस! पंचेश्वरच्या अहवालाला तीस वर्षं कमी पडतात आणि इथे एका आठवड्यात दुरुस्ती. सरकारी यंत्रणा मंद आहे, असं म्हणणाऱ्यांनी शब्द मागे घ्यावेत. ती मंद नाही. निवडक आहे.

मग या मोहल्ल्यात सुखी कोण? भूतान. छुखा, ताला, मांगदेछू. भारताच्या पैशाने आणि मदतीने केंद्रं उभारायची, उन्हाळ्या-पावसाळ्यात भारताला वीज विकायची, हिवाळ्यात नद्या आटल्या की भारताकडूनच विकत घ्यायची. भांडण नाही, आदळआपट नाही. तिथेही पुनात्सांगछू-१ चा डोंगर २०१३ पासून खचतोय आणि १२०० मेगावॉटचं काम लांबतंय, पण तो डोंगराचा दोष. मंत्रालयाचा नव्हे.

त्या शहाण्या भूतानने काय केलं? स्वतःच्या जलविद्युतवर संगणक चालवून हजारो बिटकॉइन जमवले. गिऱ्हाईक एकच असलं की भाव तोच ठरवतो. बिटकॉइनला व्हिसा लागत नाही, वाहिनी लागत नाही आणि त्याचं परराष्ट्र धोरणही नसतं.

दक्षिणेला श्रीलंका. भारताशी समुद्राखालून तार जोडायची चर्चा कित्येक दशकं चालू आहे. ९ फेब्रुवारी २०२५ ला तिथे देशभर अंधार झाला. ऊर्जामंत्र्यांनी कारण सांगितलं, उपकेंद्रात माकड शिरलं. एकटं ग्रिड असलं की एक माकड पुरतं.

आणि जोडलेलं असलं तर? तर माकडाचीही गरज नाही. जुलै २०१२ मध्ये आपलं ग्रिड लागोपाठ दोन दिवस कोसळलं, पहिल्या दिवशी उत्तरेचं, दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असं तिन्हीकडचं. साठ कोटींहून अधिक लोक अंधारात बसले. सगळे स्वदेशी.

तेव्हा शेजाऱ्यांना ग्रिडची शिस्त शिकवण्याआधी घरचा इतिहास चाळावा. दक्षिण भारताचं ग्रिड उर्वरित देशाशी एकसंध जोडलं गेलं ते ३१ डिसेंबर २०१३ ला, आपल्या सोलापूरहून रायचूरला जाणाऱ्या ७६५ केव्हीच्या वाहिनीने. स्वातंत्र्यानंतर सहासष्ट वर्षांनी. सोलापूर आणि रायचूरच्या मध्ये कुठलंही परराष्ट्र नव्हतं.

आजही तेच. राजस्थानात सौर पार्क झटपट उभे राहिले, तारा मागे राहिल्या. २०२५ साली सौर प्रकल्पांना भर उन्हात निर्मिती कमी करायला लावली गेली. तारा कुठून न्यायच्या, यावर माळढोक पक्ष्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. म्हणजे दुपारची स्वस्त वीज तिकडे वाया, आणि इकडे आमच्या शेतकऱ्याला मोटार चालू करायला रात्रीची पाळी. बिबट्याच्या सोबतीने.

आणि याच देशाने २०१८ साली जगाला घोषणा दिली : एक सूर्य, एक जग, एक ग्रिड.

सूर्य एक आहे, यावर आतापर्यंत सर्वांचं एकमत झालं आहे.

बाकी कागदाची उणीव कधीच नव्हती. नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूच्या सार्क शिखर परिषदेत वीज सहकार्याचा चौकट करार झाला. त्यात एक सुंदर कलम आहे. खरेदी-विक्री करणाऱ्यांना एकमेकांच्या पारेषण यंत्रणेचा वापर भेदभाव न करता करू द्यावा. सोबत शेपूट : आपापल्या देशाच्या कायद्यांच्या अधीन राहून. या शेपटात अख्खा हत्ती मावला. पुढची शिखर परिषद २०१६ साली इस्लामाबादला व्हायची होती. उरीच्या हल्ल्यानंतर ती रद्द झाली. त्यानंतर सार्कची शिखर परिषद झालेलीच नाही. चौकट आहे. चित्र नाही.

मग करायचं काय? भावबंधाची भाषा आधी बंद करा. रोटी-बेटीचे संबंध, सांस्कृतिक धागे, हिमालयाची छाया, हे सगळं भाषणात ठीक. वीज ही विकायची-घ्यायची वस्तू आहे. तिला भाव लागतो, मुदत लागते आणि भांडण झालं तर पंच लागतो. नेपाळला निर्यातीची परवानगी द्यायची तर ती मुदतीची आणि पुन्हापुन्हा नूतनीकरणाची. असल्या चिठ्ठीवर कुठली बँक धरणाला कर्ज देईल? धरणाचं आयुष्य पन्नास-शंभर वर्षांचं. परवानगीचं आयुष्य हंगामाचं.

आपला फायदाही उघड आहे. दुपारी सौर विजेने आपल्या वीज बाजारात भाव कोसळतो, संध्याकाळी सूर्य गेला की तोच भाव युनिटला दहा रुपयांच्या सरकारी मर्यादेला जाऊन टेकतो. दुपारी आपण शेजाऱ्यांना ऊन विकावं, संध्याकाळी त्यांच्याकडून पाणी घ्यावं. तारांचं भाडं वेगळं. मैत्रीत असा नफा मिळत नाही. व्यापारात मिळतो.

पण त्यासाठी स्विच टेबलावर ठेवावा लागेल. नियम लिहिलेले, दर जाहीर, वाहिनीत जागा किती आहे ते सर्वांना दिसेल असं. मग चीनवरची हरकतही त्याच नियमात स्पष्ट लिहा. पैसा नको असेल तर पैसा म्हणा, ठेकेदार नको असेल तर ठेकेदार म्हणा. धरण बांधून झाल्यावर सांगू नका.

होईल असं? स्विच हातात असलेल्याने तो आपण होऊन टेबलावर ठेवल्याचं उदाहरण तुमच्या पाहण्यात असेल तर कळवा.

तोवर वाचकांसाठी एक साधी कसोटी. पुढचा वीज करार जाहीर झाला की तीनच गोष्टी विचारा. किती मेगावॉट? वर्षातले किती महिने? आणि बंद करायचा अधिकार कुणाला? उत्तराची सुरुवात ‘ऐतिहासिक’ या शब्दाने झाली, तर आकडा दोन अंकी आहे असं खुशाल समजा.